होळी जळाली, थंडी पळाली... आणि अंगात आळस शिरला : तुमचे अनुभव सांगा

सांगलीकरीण
काल ऑफिसात जेवण झाल्यावर एक्सेल उघडली आणि पुढचं काही आठवत नाही. शेजारच्या मुलीने खुर्ची हलवून हळूच विचारलं, "मॅडम, चहा?" रात्री झोप नीट झाली होती, ताप नाही, सर्दी नाही. आज मंडईत एका मावशींकडे नव्या चिंचेचा ढीग दिसला आणि एकदम डोक्यात आलं, अरे, हे तर दर वर्षीचं आहे. होळीनंतरचा जडपणा.

आमचे आजोबा (आईचे वडील, तासगावजवळच्या खेड्यात प्राथमिक शिक्षक) धुळवड झाली की फर्मान काढायचे : आजपासून दुपारी कुणी आडवं व्हायचं नाही. थंडीत साठलेला कफ चैत्राच्या उन्हाने पातळ होतो, भूक मंदावते, अंग जड होतं. त्यात दुपारी झोपलं की कफ आणखी वाढतो, हे त्यांचं शास्त्र. आयुर्वेदातल्या ऋतुचर्येत खरोखर तसंच सांगितलंय हे मला खूप उशिरा कळलं. वसंतात दिवसा झोपू नये, जड-तेलकट-गोड-आंबट कमी करावं, जुनं धान्य आणि मध खावा, व्यायाम करावा.

आमचा व्यायाम म्हणजे चिंचा. परड्यात दोन झाडं होती. जेवणं झाली की सोप्यात पोतं अंथरायचं आणि लहानथोर सगळ्यांनी चिंचा फोडायला बसायचं. टरफल काढा, शिरा ओढा, चिंचोके वेगळे. चिंचोके आमचे, सारीपाट खेळायला. हात चालू असले की डोळा लागत नाही, हे मात्र शंभर टक्के खरं. आजी "पोथी वाचते" म्हणून माजघरात जायची आणि पाचव्या मिनिटाला घोरायची. सगळ्यांना ऐकू यायचं. आजोबांनाही. ते फक्त जरा मोठ्याने पाढे म्हणून घ्यायचे आमच्याकडून.

संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत मुगाची खिचडी नाहीतर ज्वारीची भाकरी नि पातळ आमटी. पहाटे सगळी वरात मळ्याकडे चालत. पाडव्याला कडुलिंबाची चटणी सगळ्यांकडेच असते, आमच्याकडे पुढे आठ-दहा दिवस रोज सकाळी एक गोळी असायची. कोवळी पानं, फुलं, भिजवलेली हरभराडाळ, ओवा, जिरं, हिंग, मीठ, गूळ. गूळ नावालाच.

आता फ्लॅटमध्ये मळा नाही आणि ऑफिसात चिंचा फोडता येत नाहीत. मी रात्रीचं जेवण साडेसातला करते, सकाळी उन्हात चालते, जेवल्यावर जिने चढते. तरी कालचा प्रकार झालाच. तुमच्याकडे या दिवसांत काय होतं, तुम्ही काय करता?

लेखाशीर्ष
मार्च एंड. इतकंच लिहितो, ३१ नंतर सविस्तर येतो.

पडवी
आजी भारी! आमच्या आजीचं "पोथी" म्हणजे "जरा पाठ टेकते". पाठ टेकली की चारच्या चहालाच उठायची.

वऱ्हाडी ठेचा
कायचा वसंत बाप्पा. आमच्या अकोल्यात होळी जळली का दुसऱ्या दिवशी कूलरची ताटी बदलाची. मार्च सरता सरता पारा चाळिशीले टेकते. तुमच्या आजोबाले म्हणा, आमचा थकवा कफाचा नाई, घामाचा हाये. माय सकाळी ज्वारीची आंबील ताकात कालवून देते, मीठ-जिरं टाकून, थे पेल्याबिगर घराबाहेर जाचं नाई. डोक्याले दुपट्टा आन खिशात कांदा. कांद्यानं ऊन लागत नाई हे खरं का खोटं मले माहीत नाई, पण बसमध्ये कोणी बाजूले बसत नाई हे पक्कं.
दुपारी १२ ते ४ आमच्याकडं कुत्रंबी रस्त्यावर दिसत नाई. झोपू नका म्हणजे कराचं काय?

सांगलीकरीण
@वऱ्हाडी ठेचा हसून हसून पुरेवाट! तुमच्यासाठी सवलत आहे हो. ग्रीष्मात दिवसा झोपलं तरी चालतं असं तीच ऋतुचर्या सांगते. तुमचा वसंत लवकर संपतो एवढंच.

वऱ्हाडी ठेचा
मंग आमचा ग्रीष्म जाहीर करून टाका. गुड नाईट.

तांबडी माती
मुलांची सकाळची शाळा सुरू झाली. सातला शाळा, म्हणजे सव्वासहाला रिक्षा, म्हणजे मी पाचला उठणार. डबा, पाणी, युनिफॉर्म, एकाचं बूट सापडत नाही. साडेअकराला परत येतात ते "भूक भूक" करत. दुपारी ते झोपत नाहीत आणि मला झोपू देत नाहीत. त्यात घरात आयपीएल. मॅच साडेसातला सुरू, संपता संपता अकरा वाजून जातात, मग नवरा आणि मुलगा अर्धा तास चर्चा करणार की शेवटची ओव्हर कुणाला द्यायला हवी होती. माझा थकवा चैत्राचा की चेन्नईचा, ते तुम्हीच ठरवा.
यंदा एक केलं. पहिली इनिंग बघायची, मग टीव्ही बंद, स्कोअर सकाळी पेपरात. मुलगा दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. आता सवय झाली. पाचला उठणं जमतंय, निदान डोकं दुखत नाही.

पडवी
नवऱ्याने ऐकलं?????

तांबडी माती
तो मोबाईलवर बघतो, हेडफोन लावून. मधेच अंधारात "अरे यार" ऐकू येतं.

रापण
रत्नागिरी. आमच्याकडे गेली काही वर्षं रमजान नेमका याच दिवसांत येतोय (दर साली दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे आता हळूहळू थंडीकडे चाललाय). दमट हवा, दिवसभर पाणी नाही, रात्री तरावीहची नमाज, पहाटे सेहरीला उठायचं. पहिल्या आठवड्यात दुपारी दुकानात बसून मी गिऱ्हाइकाला उलटे पैसे द्यायच्या बेतात असतो.
अम्मीने सेहरीचं सगळं बदललं. पराठे, रात्रीचं मटण बंद. त्याऐवजी नाचणीची भाकरी, दही, अंडं, केळं, दोन खजूर. तळलेलं आणि खारट खाल्लं की दहा वाजल्यापासून घसा सुकतो, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. चहा सेहरीला नाहीच, त्याने तहान लागते म्हणून अम्मी देत नाही. इफ्तारला खजूर आणि पाणी, मग कोकम सरबत, मग थोडं थांबून जेवण. भजी समोर असतात, नाही कशाला म्हणू, पण आता ताटभर नाही.
आणि सांगलीकरीण ताई, आजोबांची माफी मागून सांगतो, आमच्यात जोहरच्या (दुपारच्या नमाजच्या) आसपासची डुलकी, कैलूला म्हणतात तिला, सुन्नत म्हणजे पैगंबरांची रीत आहे. वीस मिनिटं. दुकानाचं शटर अर्धं खाली. त्याच्यापेक्षा जास्त झोपलो तर उठल्यावर डोकं जड होतं, त्यामुळे मुलीला गजर लावायला सांगतो.

सांगलीकरीण
रापणदादा, आजीने हे वाचलं असतं तर पोथीचं नाटक केलंच नसतं.

म्युनिचची मावशी
इकडे हा प्रकार इतका सर्वमान्य आहे की ऑफिसात मार्च-एप्रिलमध्ये "थकवा आलाय, वसंताचा" असं सांगितलं की समोरचा मान डोलावतो, कुणी आळशी समजत नाही. मी आले तेव्हा मला नवल वाटायचं. सहा महिने अंधारात काढले, आता ऊन आलं, फुलं आली, मग थकायचं कशाला?
पण होतं खरं. एका आठवड्यात तीन डिग्रीवरून वीस, परत पाच. हवा अशी उलटसुलट झाली की माझं बीपी खाली जातं, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी. मग मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात, म्हणजे सहाचा गजर शरीराला पाचचा वाटतो. वर बर्च झाडाचे परागकण. शिंका, डोळे लाल. त्यावर जुन्या पद्धतीची ॲलर्जीची गोळी घेतली की दिवसभर पेंग. मला वाटायचं मला वसंत बाधतो, डॉक्टर म्हणाल्या गोळी बाधतेय. बदलून दिली.
आता घड्याळ बदलायच्या आधीच्या आठवड्यापासून रोज थोडं थोडं लवकर झोपते. सकाळी ऑफिसला जाताना दोन स्टॉप आधी उतरून उन्हातून चालते, गॉगल न लावता. अंघोळीच्या शेवटी पायावर गार पाणी, हे जर्मन शेजारीणबाईंनी शिकवलं. बर्फासारखं असतं, पण जाग येते.
आणि या दिवसांत इथे जंगलात रानलसणाची पानं येतात. लोक पेस्टो करतात, मी ठेचा करते, शेंगदाणे-हिरवी मिरची घालून. भाकरीबरोबर काय लागतो! (तोडताना प्रत्येक पान चुरडून वास घ्यायचा. अगदी तशीच दिसणारी विषारी पानं शेजारीच उगवतात आणि दर वर्षी कुणीतरी फसतं. हाताला एकदा लसणाचा वास लागला की मग वासावरही भरवसा नाही. मी आता बाजारातूनच आणते.)

पडवी
मावशी ठेच्याची पाकृ टाका वेगळी

वऱ्हाडी ठेचा
झोपेतून उठलो. कोणी माह्यं नाव घेतलं का?

डोंगरशाळा
मी गडचिरोली जिल्ह्यात शिकवते. मार्च-एप्रिलमध्ये माझ्या वर्गातली निम्मी मुलं पेंगत असतात आणि उरलेली आलेलीच नसतात. मोहफुलांचे दिवस. फुलं रात्री नि पहाटे गळतात, उजाडायच्या आत वेचली नाहीत तर गुरं खातात. म्हणून घरातली सगळी माणसं, पोरंसुद्धा, अंधारात टोपल्या घेऊन झाडाखाली. प्रत्येक झाड कुणाचं ते ठरलेलं असतं. सात वाजता शाळेत येतात तेव्हा त्यांचा अर्धा दिवस झालेला असतो. त्यांना "लवकर झोपा, सकाळी फिरायला जा" सांगायला तोंड होत नाही. मी पहिला तास गाण्यांचा आणि कवायतीचा ठेवते, गणित नंतर. वाळवलेली मोहफुलं भाजून तिळाबरोबर कुटून लाडू करतात इथे, एक मुलगी माझ्यासाठी आणते. तो खाल्ला की मला दुपारपर्यंत काही लागत नाही.

सांगलीकरीण
डोंगरशाळा, यावर तुम्ही स्वतंत्र लिहा ना. वाचायला आवडेल.

उन्हाळ कांदा
शेतकऱ्याचा थकवा कोणत्या ऋतुचर्येत बसतो ते कुणीतरी सांगा. आमच्या फिडरला आठवडाभर दिवसा लाईट, आठवडाभर रात्री. रात्रीच्या पाळीत बारानंतर मोटर चालू करायची, पहाटेपर्यंत बारे धरायचे, मधे लाईट गेली की परत विहिरीवर. थंडीत गव्हाला असंच, आता कांद्याला. आणि लगेच काढणी. मजूर मिळत नाही म्हणून घरचेच सगळे.
राग धाग्यावर नाही. तुमच्या आजोबांचं पहाटेचं चालणं ऐकून बरं वाटलं, आमचे वडीलही असेच होते.
मी करतो ते एवढंच. रात्रपाळी असली की आल्या आल्या चहा न पिता अंघोळ करून सरळ झोपतो, खिडकीला घोंगडी लावून. पूर्वी चहा पिऊन गप्पा मारत बसायचो नि मग दुपारी तीनला चक्कर यायची. काढणीच्या वेळी बांधावर घागरभर पाणी आणि एका बाटलीत मीठ-साखर-पाणी. आशा ताईंनी माप सांगितलंय, लिटरला सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चहाचा चमचा, पोह्यांचा नव्हे. बायका आधी नको म्हणायच्या, आता मागून पितात.

रापण
उन्हाळ कांदा भाऊ, सलाम. भाव काय चाललाय?

उन्हाळ कांदा
नका विचारू. त्यानेच जास्त थकतो माणूस.

स्लाइडवाली
पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, डॉक्टर नाही, आधीच सांगते. दर मार्चला बायका येतात, "उन्हाळा बाधतो मला, गळून गेल्यासारखं होतं" म्हणतात. रिपोर्ट येतो तर हिमोग्लोबिन ८ किंवा ९. बाईचं (गरोदर नसलेल्या) १२ च्या खाली गेलं की रक्त कमी असं धरतात. उन्हाचा काही संबंध नाही, वर्षभर कमीच असतं, उन्हाळ्यात सोसत नाही इतकंच. थायरॉईड, साखर, व्हिटॅमिन बी १२, डी हेही असंच लपून बसतं. डी तर इतक्या उन्हाच्या देशात कमी निघतं, कारण ऊन आपल्या अंगावर पडतंच कुठे.
थकवा दोन-तीन आठवडे हटत नसेल, धाप लागत असेल, पाळीत फार रक्त जात असेल तर ऋतूवर ढकलू नका बायांनो. जेवणाबरोबर चहा पिऊ नका, त्याने लोह अंगी लागत नाही, तासभर तरी अंतर ठेवा. पालेभाजीवर लिंबू पिळा, ते मदत करतं. आळीव, लोखंडी कढईतली भाजी चांगलीच, पण ८ असेल तर नुसत्या कढईने भागत नाही, डॉक्टरकडे जा.

तांबडी माती
स्लाइडवाली, हे वाचून भीती वाटली जरा. मी जेवल्यावर लगेच चहा घेते. दर वेळी. तपासणी शेवटची कधी केली आठवतही नाही.

स्लाइडवाली
घाबरू नका, पण करून घ्या. साधी सीबीसी (रक्ताची तपासणी) फार महाग नसते, सरकारी दवाखान्यातही होते.

काजूची बी
गोंय हांगा! आमच्याकडे या दिवसांत सगळा गाव डोळे मिटूनच असतो, पण त्याला कारण उराक. :डोळामारा: काजूच्या बोंडाच्या रसाची पहिल्या धारेची, मार्च ते मे, नंतर मिळत नाही. मामा म्हणतो उराक घेतली की थकवा जातो. मामी म्हणते थकवा नाही, मामा जातो.
मी मात्र नीरो पिते, न आंबलेला रस. सकाळी काढलेला सकाळीच प्यायचा, दुपारपर्यंत थांबलात की त्याचं दुसरंच काहीतरी व्हायला लागतं.

अनुभवी_काका
सर्वांत उत्तम म्हणजे पहाटे उठून गरम पाण्यात मध-लिंबू. गेली कित्येक वर्षं घेतो. थकवा ठाऊकच नाही.

पडवी
काका, मध गरम करू नये ना? आयुर्वेदात निषिद्ध आहे म्हणतात.

अनुभवी_काका
कोमट. मी कोमट म्हणालो.

पडवी
"गरम पाण्यात" असं वर लिहिलंय की.

अनुभवी_काका
आमच्याकडे कोमटलाच गरम म्हणतात.

वऱ्हाडी ठेचा
आमच्याकडं मार्चमध्ये नळालेच गरम पाणी येते, काका. मध घेऊन या.

धागापाल
मधावर आधी दोन धागे होऊन बंद झाले आहेत. कृपया विषयावर या.

जादा गाडी
एसटीत वाहक आहे, कोल्हापूर. चैत्र म्हणजे आमची कसोटी. जोतिबाची यात्रा चैत्र पौर्णिमेला, त्याच्या आधीपासून जादा गाड्या. सासनकाठ्या, गुलाल, माणूस माणसात नाही. गाडीत गुलाल, तिकिटाच्या मशिनवर गुलाल, घरी गेल्यावर नाकातून गुलाल. लगेच उन्हाळी सुट्टीची गर्दी, मग लग्नसराई. झोपेचा पत्ता नाही, कधी मुक्कामी, कधी पहाटे चारची ड्युटी.
पूर्वी प्रत्येक स्टँडवर चहा-वडा. ॲसिडिटी आणि झोप दोन्ही. आता मंडळी डब्यात सकाळी भाकरी-झुणका, दुपारला दहीभात नि काकडी देते. बाटलीत ताक. उभ्याची नोकरी असल्याने पोटऱ्या दुखतात, म्हणून मुक्कामी गेलो की भिंतीला पाय टेकून वर करून दहा मिनिटं पडतो. ड्रायव्हर हसतात. परवा बघितलं तर तेही तसंच पडलेले, दोघं शेजारी शेजारी.

सांगलीकरीण
जादा गाडी, हा फोटो हवा होता!!

कडू-गोड
कडुलिंबावरून सांगते. आमच्या एका काकांनी पाडव्यापासून रोज पेलाभर कडुलिंबाचा रस सुरू केला. मधुमेहाच्या गोळ्या चालूच. काही दिवसांनी घाम, हातपाय थरथरणं, भोवळ. घरच्यांना वाटलं ऊन लागलं. साखर मोजली तर फारच खाली. डॉक्टरांनी पहिल्यांदा रस बंद करायला लावला. चटणीची एक गोळी वेगळी आणि पेला वेगळा. गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनीही रस-बिस घेऊ नये.

सांगलीकरीण
बरं झालं सांगितलंत. आमची गोळी सुपारीएवढी असायची, आणि निम्मी आम्ही तुळशीत पुरायचो.

पडवी
आमच्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला या सगळ्या. आंब्याची डाळ आणि पन्हं. पन्ह्यात मी आता गूळ निम्मा घालते, वेलदोड्याऐवजी जिरपूड नि सैंधव. सासूबाई म्हणाल्या, हे पन्हं नव्हे, सार झालं. पण दोन पेले प्यायल्या.
आणि माझा थकवा कुठे पळतो माहितीये? वाळवणांत. पहाटे उठून चीक शिजवायचा, आठच्या आत गच्चीवर कुरडया घालायच्या. पाच बायका, गप्पा, कोवळं ऊन. दहा वाजता खाली येते ते ताजीतवानी होऊन. योगाच्या क्लासला पैसे भरून इतकं बरं वाटलं नव्हतं.

तांबडी माती
कुरडया!! यंदा मला करायच्या आहेत पहिल्यांदा. गहू किती दिवस भिजवायचे?

पडवी
तीन दिवस, पाणी रोज बदलायचं, नाहीतर वास येतो. चौथ्या दिवशी वाटून, गाळून, चीक रात्रभर निवळू द्यायचा. वरचं पाणी सकाळी अलगद ओतून टाक.

म्युनिचची मावशी
मी एकदा इथे बाल्कनीत घातल्या होत्या. दुपारी गारा पडल्या.

लेखाशीर्ष
३१ झाली. मधल्या काळात सगळं वाचलं. मला काही सांगण्यासारखं नाही, मी झोपायला चाललोय. उद्या बँका गिऱ्हाइकांना बंद असतात, कुणी फोन करू नका.

जादा गाडी
उद्या बँक बंद, पण आमची पहाटेची ड्युटी आहे.

तांबडी माती
@पडवी चीक शिजवताना गाठी होतात म्हणे. काय करायचं? आणि हो, स्लाइडवाली, रक्त देऊन आले आज. रिपोर्ट उद्या.

स्लाइडवाली
शाब्बास. कळवा.

पडवी
जितका चीक तितकंच पाणी, पाणी खळखळ उकळू दे, मीठ नि हिंग घाल, मग एकीने चीक ओतायचा आणि दुसरीने लाकडी दांड्याने सतत ढवळायचं. एकटीने करू नकोस. नवऱ्याला उठव, पहाटे चारला मॅच नसते.